‘डॉक्टर, आत्तापर्यंत किती केल्यात?’ हा प्रश्न आला कुठून

वजन कमी करायच्या सर्जरीचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला, सर्जनने अशी किती ऑपरेशन्स केलीत ते विचार. पण सुरुवातीला हे विचारायची सोयच नव्हती, कारण ऑपरेशनच धड ठरलेलं नव्हतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटाला लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून उरलेली टोकं जोडायची पद्धत निघाली, खाल्लेलं अंगी लागायचंच नाही त्यामुळे वजन उतरायचं खरं, पण सोबत कायमचे जुलाब, किडनी स्टोन आणि काहींचं तर लिव्हरच गेलं. शेवटी ती पद्धत मागे पडली.

मग १९६६ मध्ये अमेरिकेतल्याच आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास आणला, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडायची. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढलाय त्या बायकांचं वजन नंतर वाढतच नाही, हे त्यांनी पाहिलं होतं.

सर्जन कोण असावा हे लेखी आलं ते १९९१ मध्ये, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशींत. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, ही तेव्हाची अट तिथलीच आणि ती सगळ्यांना पाठ. पण त्याच कागदात त्या ऑपरेशनचा भरपूर अनुभव असलेला सर्जन, मागे पूर्ण टीम आणि नंतर आयुष्यभर फॉलोअप हेही लिहिलंय, ते मात्र कुणी वाचत नाही.

१९९४ मध्ये दुर्बिणीतून बायपास केल्याचं प्रसिद्ध झालं आणि हळूहळू सगळेच त्यात उतरले. टाके आतल्या आत घालायचे, म्हणजे हात बसायला वेळ लागणारच, २००३ च्या एका पेपरात तर साधारण १०० केसेस लागतात असा हिशोब मांडला होता. आकड्यांचं वेड इथूनच वाढलं. २००६ मध्ये मेडिकेअरने, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, सांगितलं की सर्टिफाइड सेंटरमध्ये ऑपरेशन झालं तरच पैसे देऊ, आणि २०१३ मध्ये ती अट स्वतःच काढून टाकली.

त्याच वर्षी मिशिगनचा अभ्यास आला, मला तर या सगळ्यात तोच सगळ्यात भारी वाटतो. २० सर्जननी आपापल्या बायपासचा एकेक व्हिडिओ दिला, तो बाकीच्या सर्जननी नाव न कळता बघून मार्क दिले. हात कसा चालतो, टिश्यू किती हळुवार धरतात, उगाच हालचाली किती, असं सगळं. तळाच्या गटातल्या सर्जनच्या पेशंटमध्ये कॉम्प्लिकेशन्स १४.५ टक्के, वरच्या गटात ५.२ टक्के. म्हणजे नुसत्या आकड्यावर जाऊन भागत नाही, हात कसा आहे हेही बघायला हवं, आणि पेशंटला तर तो व्हिडिओ कुणी दाखवणार नाही. त्यामुळे किती केल्यात हे विचाराच, पण लीक (आतला जोड सुटून गळती) किती झाले, परत ऑपरेशनला किती जणांना घ्यावं लागलं आणि दोन वर्षांनी व्हिटॅमिनच्या टेस्ट कोण बघणार हेही विचारून घ्या, उत्तर द्यायला सर्जन किती अडखळतो त्यावरूनही बरंच कळतं.