मुंबई महानगरपालिका : नेतृत्व व कार्यसंस्कृती

बृहन्मुंबई महानगरपालिकेत अधिकार कोणाकडे असतो, हुकूम खालपर्यंत कसा उतरतो आणि साहेबांपासून सफाई कामगारापर्यंतची माणसे एकमेकांशी कशी वागतात, याचा विचार या नोंदीत केला आहे. जुने मुंबईकर या संस्थेला अजूनही ‘मुनशिपाल्टी’ म्हणतात. कर्मचारी लाखाच्या घरात आणि 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा, म्हणजे गोवा राज्याच्या अर्थसंकल्पापेक्षा मोठा.

कायद्याची चौकट : मान महापौरांचा आणि अधिकार आयुक्तांचा, अशी ही व्यवस्था 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने घालून दिली. महापौर सभागृह चालवतात. त्यांची मुदत अडीच वर्षांची. कार्यकारी सत्ता आयुक्तांच्या हाती असते, आणि त्यांना नेमते राज्य सरकार. पटत नसेल तर एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मतांनी आयुक्तांना परत पाठवता येते, अशी तरतूद आहे. मोठ्या खर्चाला स्थायी समितीची मंजुरी लागते, म्हणूनच तिजोरीच्या चाव्या स्थायी समितीकडे, असे पालिकेचे वार्ताहर लिहीत आले. समितीत ‘हरकतीचा मुद्दा’ निघाला की अधिकाऱ्यांना उत्तर द्यावेच लागते. या समितीचे राजकारण कितीही कडू असले, तरी अधिकाऱ्याला समोर बसवून जाब विचारण्याची ही एक ठरलेली जागा होती. 7 मार्च 2022 रोजी सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा व मंजूर करणारा एकच झाला. कामे वेगाने सुटली, असे अधिकारी सांगतात. गल्लीतली गटाराची तक्रार मात्र कोणाकडे न्यायची, हे रहिवाशांना कळेना.

ही दुभागणी आली कुठून, हे समजण्यासाठी आर्थर क्रॉफर्डकडे जावे लागते. 1865 मध्ये नेमलेला हा पहिला आयुक्त. त्याने शहर झाडून काढले, मंडई बांधली (आजची महात्मा जोतिबा फुले मंडई) आणि पैसा पाण्यासारखा ओतला. करदाते खवळले, 1871 मध्ये त्याला जावे लागले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता यांनी मांडलेली भूमिका आजही वाचण्याजोगी आहे : काम करणारा हात एकच असावा, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांची नजर असावी. 1872 च्या कायद्याने 64 सभासदांचे मंडळ आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. 1888 च्या कायद्यावर तर मेहतांची छाप स्पष्ट दिसते. त्यांचा पुतळा पालिका मुख्यालयासमोरच उभा आहे. संकट आले की सरकार पालिकेला बाजूला सारून नवी यंत्रणा उभी करते, ही खोडही तितकीच जुनी. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. 1933 मध्ये तो पालिकेतच विलीन झाला.

साहेब आणि खाते : आयुक्त व बहुतेक अतिरिक्त आयुक्त भारतीय प्रशासन सेवेतून येतात आणि बदली होऊन जातात. अभियंते, लिपिक, खातेप्रमुख पालिकेचेच. तीस-पस्तीस वर्षे इथेच काढतात. त्यामुळे नव्या साहेबांच्या पहिल्या बैठकीत खाते ऐकून घेते, माना डोलावते आणि हे साहेब किती दिवस टिकतील याचा अंदाज बांधते. टिकाव धरणारे नेतृत्व म्हणजे खात्याला सोबत घेणारे, की खात्याशी भांडणारे, यावर मुंबईत एकमत नाही. उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवला तेव्हा शहराने त्यांना डोक्यावर घेतले; 1994 मध्ये ते निलंबित झाले, पुढे 2000 मध्ये सेवेत परतले. एकांडा शिलेदार वर्तमानपत्रांना आवडतो. त्याच्या मागे खात्याची कामाची रीत बदलली का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

खरी भाषा फायलीची. टिप्पणी खालून वर चढते आणि प्रत्येक पायरीवर शेरा पडतो : ‘अवलोकनार्थ सादर’, ‘कृपया चर्चा करावी’, ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’. शेवटचा शेरा वाचायला ठाम वाटतो, पण त्यात निर्णय नसतो. लेखापरीक्षण आणि चौकशी यांची धास्ती इतकी की चुकीची सही करण्यापेक्षा सहीच न करणे सुरक्षित ठरते. मे महिन्यातली नालेसफाईची पाहणी हा याच संस्कृतीचा वार्षिक सोहळा. गाळ किती टक्के निघाला हे कागदावर ठरलेले असते आणि पहिल्या मोठ्या पावसात दादरच्या सखल हिंदमाता भागात साचलेले पाणी त्या टक्क्यांचा हिशेब मांडते.

विभाग कार्यालय : नागरिकाला पालिका भेटते ती ‘वॉर्ड ऑफिसा’त. शहराची 24 विभागांची जुनी वाटणी इंग्रजी अक्षरांनी ओळखली जाते. ‘ए’पासून ‘टी’पर्यंत, मधली काही अक्षरे गाळून. विभागप्रमुख म्हणजे सहायक आयुक्त. पाणी, कचरा, रस्ते, अतिक्रमण, दवाखाने या सगळ्यांच्या तक्रारी त्यांच्याच दालनात येतात, पण यातल्या अनेक खात्यांची सूत्रे मुख्यालयातूनही हलतात. जबाबदारी पूर्ण आणि हुकमत अर्धी, असे हे पद.

ती हुकमत खरोखर खाली दिली तर काय होते, हे 2020 मध्ये दिसले. धारावीत 1 एप्रिलला पहिला करोना रुग्ण सापडला. दादर, माहीम व धारावी सांभाळणाऱ्या जी उत्तर विभागाचे सहायक आयुक्त किरण दिघावकर होते. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता त्याला शोधत वस्तीत जायचे, असे ठरले. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, शाळा विलगीकरणासाठी उघडल्या, सामाईक शौचालये पुन्हा पुन्हा निर्जंतुक केली. मे महिन्यात इक्बालसिंह चहल आयुक्त झाले. रुग्णालयातल्या खाटेसाठी सगळे शहर 1916 या एकाच दूरध्वनी क्रमांकावर अडकत होते. जूनमध्ये ते काम 24 विभागांच्या वॉर रूमकडे, म्हणजे नियंत्रण कक्षांकडे गेले. चाचणीचे अहवालही प्रयोगशाळांनी आधी पालिकेला द्यायचे, मग विभागाचा माणूस रुग्णाला कळवणार, असा नियम झाला. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा दाखला दिला. साथ ओसरल्यावर वॉर रूम मिटल्या आणि फाईल पुन्हा मुख्यालयाची वाट चालू लागली.

चौकी : सफाई कामगारांचे ‘ऑफिस’ म्हणजे हजेरीची चौकी, आणि त्यांचे साहेब म्हणजे मुकादम. कोणाला कोणती गल्ली, कोणाची रजा मंजूर, उशीर खपवून घ्यायचा की खाडा लावायचा, हे मुकादम ठरवतो. आयुक्तांचे नावही चौकीत क्वचित निघते. कामगारांत दलित समाजातील माणसे बहुसंख्य. सफाई कामगारांसाठी सरकारने नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे नोकरी वारसाला मिळते. तिने घर सावरते, पण झाडूही वारशाने येतो, ही बोच शिकलेल्या मुलांना लागते. कायम आणि कंत्राटी यांतली दरी याहून खोल. काम तेच, रस्ता तोच, पण पगार, रजा, दवाखाना वेगळा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दिलेल्या लढ्यानंतर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्यानंतरही अनेकांना पालिकेच्या दारात हेलपाटे घालावे लागले, कागदोपत्री नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी.

पाणीखात्यातला चावीवाला हा याच तळातला दुसरा मानकरी. मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही, ठरल्या वेळी भागाभागाने सोडले जाते. लांब लोखंडी चावी घेऊन तो रस्त्यातल्या झडपा उघडत-मिटत फिरतो. कोणती झडप किती फेरे फिरवली की टेकडीवरच्या चाळीला पाणी चढते, कोणती जलवाहिनी कुठे वळते, हे नकाशापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. वरचा अभियंता बदलून आला की पहिल्या आठवड्यात त्याच्याच मागे हिंडतो.