विशेष मुलासाठी विमा घेताय? आधी पालकत्वाचा कागद करा

‘आमच्या पश्चात याचं कोण करणार?’ हा प्रश्न विशेष मुलांच्या प्रत्येक घरात असतो. त्यावर बहुतेक जण आधी विमा एजंटला फोन करतात. विमा हवाच. पण बौद्धिक अक्षमता असलेल्या, अठरा पूर्ण झालेल्या मुलाला नुसतं नॉमिनी लावून भागत नाही. दाव्याच्या वेळी त्याच्या वतीने सही कोणी करायची, इथे गाडी अडते. नॉमिनी अज्ञान म्हणजे अठराच्या आतला असेल तर त्याच्या वतीने पैसे स्वीकारणारा ‘अपॉइंटी’ पॉलिसीतच नेमता येतो, सज्ञान मुलासाठी ती सोय नाही. आणि अठरानंतर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत.

हे पालकत्व मिळतं राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांना तो लागू आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. आईवडील, नातेवाईक किंवा न्यासाकडे नोंदणी असलेली संस्था अर्ज करू शकते. मुलगी असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत, त्याच्या पत्नीसह नेमतात. काका एकटे असतील तर हे आधीच लक्षात घ्या. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार या कायद्यात बसत नाही, तिथे न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो.

सगळ्याचा पाया म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. तपासणीसाठी पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, आणि ससूनपासून जिल्हाधिकारी कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर. पालकत्वाच्या अर्जासोबत हे प्रमाणपत्र, मुलाच्या जन्माचा दाखला, मुलाचं आणि नेमायच्या पालकाचं आधार, पत्त्याचा पुरावा आणि फोटो ठेवा. सख्खी भावंडं असतील तर त्यांचं संमतिपत्रही जोडा. मागितलं नाही तरी जोडा, पुढचे वाद तिथेच मिटतात. पालक नेमला गेला की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मुलाच्या पैशाचं खरं संरक्षण त्यातच आहे.

आता पॉलिसी. टर्म, म्हणजे ठरावीक वयापर्यंतच संरक्षण देणारी पॉलिसी, साठ-पासष्टीपर्यंतची घेतली तर स्वस्त पडते, म्हणून तीच गळ्यात मारली जाते. पण इतर मुलं पंचविशीत पायावर उभी राहतात, हे मूल राहीलच असं नाही. आईवडील ऐंशीव्या वर्षी गेले तर टर्म कधीच संपलेली असते आणि मूल पन्नाशीचं, तितकंच अवलंबून. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: थोडी का होईना, रक्कम आयुष्यभर चालणाऱ्या म्हणजे होल लाइफ पॉलिसीत असावी, आणि कमावत्या वर्षांसाठी वर टर्मची जोड द्यावी.

वडील पॉलिसी घेत असतील तर प्रस्तावाबरोबरच विवाहित स्त्री मालमत्ता अधिनियम, १८७४ चा फॉर्म भरावा. त्यात तीन गोष्टी लिहायच्या: लाभार्थीचं नाव, त्याचा हिस्सा आणि विश्वस्त. अशी पॉलिसी कायद्यानेच पत्नी-मुलांसाठीचा ट्रस्ट होते. मग वडिलांचे सावकार किंवा बँक सहसा तिला हात लावू शकत नाहीत. पण हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, जुन्या पॉलिसीला नंतर चिकटवता येत नाही, आणि लाभार्थी पुढे मनाला येईल तसा बदलता येत नाही. विश्वस्त तुमच्याच वयाचा नको. भाची, पुतण्या, धाकटी बहीण, असं कोणी बघा.

आईला स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीसाठी हा कायदा उपयोगी पडत नाही. तिने भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ खाली खासगी ट्रस्ट करून पॉलिसी त्या ट्रस्टच्या नावे असाइन म्हणजे हस्तांतरित करावी. ट्रस्टमध्ये फ्लॅटही घालायचा असेल तर दस्त नोंदवावाच लागतो. दस्तात ‘मुलाच्या देखभालीसाठी’ एवढं मोघम लिहू नका. थेरपी, औषधं, मदतनिसाचा पगार, निवासी संस्थेची फी, असं फोडून लिहा.

करसवलतीचंही पाहू. जुनी करप्रणाली निवडली असेल तर आजवर ‘८०डीडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीत ४० टक्क्यांपासून पुढच्या दिव्यांगत्वाला ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. या तरतुदीत बसणाऱ्या विम्याचे पैसे पूर्वी पालकाच्या मृत्यूनंतरच मुलाला मिळत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला याचा फेरविचार सुचवला आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात बदल झाला: पालक साठीचा झाला, हप्ते भरणं थांबलं, की त्याच्या हयातीतही रक्कम मिळू शकते.

मूळ पॉलिसी, पालकत्वाचं प्रमाणपत्र, ट्रस्टचा दस्त, मृत्युपत्र आणि मुलाच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि ती कुठे आहे हे विश्वस्ताला दाखवा. खासगी नोकरीत असाल तर आणखी एक काम करा. ईपीएस-९५ म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेत, सभासदाच्या पश्चात, पूर्णतः आणि कायमस्वरूपी दिव्यांग मुलाला वयाची अट न ठेवता पेन्शन मिळते. त्यासाठी पीएफच्या कुटुंब तपशिलात मुलाचं नाव आणि त्याचं दिव्यांगत्व नोंदलेलं आहे का, ते आजच तपासा.