उष्णतारोधन मानकांवरील हरकती-सूचना (इंग्लंड)

नव्या घराच्या भिंती, छप्पर, जमीन आणि खिडक्यांतून किती उष्णता निसटली तर चालेल, हे इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांच्या ‘भाग एल’मध्ये ठरलेले असते. ही मर्यादा बदलायची असली की सरकार मसुदा प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती व सूचना मागवते. बिल्डर, वास्तुविशारद, उष्णतारोधक साहित्याचे उत्पादक, स्थानिक परिषदा आणि सामान्य नागरिक, कोणीही उत्तर पाठवू शकतो.

वादाच्या केंद्रस्थानी बहुधा यू-व्हॅल्यू असते. आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, ते ही संख्या सांगते. ती जितकी कमी तितके घर उबदार. १९६५च्या नियमांत भिंतीची मर्यादा १.७ होती, तर जून २०२२पासून लागू झालेल्या नियमांत नव्या भिंतीसाठी ती ०.२६ आहे. बाहेर गोठणबिंदू आणि आत २० अंश असताना १० चौरस मीटरच्या भिंतीतून पूर्वी ३४० वॅट जात, आता ५२.

ऑक्टोबर २०१९ ते फेब्रुवारी २०२०मधली फेरी विशेष गाजली. घराच्या बाह्य कवचाची स्वतंत्र कसोटी काढून टाकावी, असा त्या मसुद्यातला एक प्रस्ताव होता. कागदावर तो निरुपद्रवी दिसे. पण मग छपरावर सौर पॅनेल बसवून पातळ भिंतीची उणीव हिशेबात भरून काढता आली असती. आक्षेप नेमका इथेच होता: यंत्रे पुढे-मागे बदलता येतात, भिंत मात्र घराच्या जन्माला पुरते. जानेवारी २०२१च्या उत्तरात सरकारने ही कसोटी कायम ठेवली. नियमांहून कडक मानके लावण्याचा स्थानिक परिषदांचा अधिकार काढण्याचा विचारही तेव्हा बाजूला पडला.

अशा प्रक्रियेचे निकष न्यायालयातून आले, तेही शाळांशी संबंधित एका खटल्यातून. १९८५च्या ‘गनिंग’ निकालानुसार प्रस्ताव अजून घडत असतानाच मत विचारावे, पुरेशी कारणे व पुरेसा वेळ द्यावा आणि आलेल्या उत्तरांचा मनापासून विचार करावा. त्यातला पहिला निकष पाळणेच सर्वांत अवघड, कारण मसुदा बाहेर पडतो तेव्हा त्यातले आकडे बरेचसे घट्ट झालेले असतात. डिसेंबर २०२३च्या मसुद्यात भर हीट पंपांवर, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर तापवणाऱ्या यंत्रांवर होता. भिंतीचा आकडा जवळजवळ जागचा हलला नव्हता.