रिपोर्ट अजून आला नाही, म्हणजे नेमकं काय चाललंय?

स्तनातल्या गाठीचा तुकडा सुईने काढून तपासायला पाठवतात, ती बायॉप्सी. तिच्यानंतर बहुतेकींच्या लक्षात राहतो तो आवाज. स्टेपलर दाबल्यासारखा ‘खट्’. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असतं, तरी दचकायला होतंच. जागा बधिर केलेली असल्याने फारसं दुखत नाही, आत काहीतरी ओढल्यासारखं वाटतं, इतकंच. मग काडेपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक, एक-दोन सेंटिमीटर लांबीचे पांढरट-पिवळसर तुकडे एका छोट्या बाटलीत टाकले जातात. काही तळाला जातात, काही तरंगतात. तरंगणाऱ्यात बहुधा नुसती चरबी असते, म्हणून डॉक्टर बाटली उजेडात धरून बघतात, हवा तो भाग हाती लागलाय ना. झाकण लागतं, नावाची चिठ्ठी चिकटते आणि ‘काही दिवसांनी फोन करा’ असं सांगून तुम्हाला घरी पाठवलं जातं.

बाटली प्रयोगशाळेत जाते, तुम्ही घरी. बाटलीचं पुढे काय होतं हे सहसा कुणी सांगत नाही. आणि मन मोकळं बसत नाही, ते उशिराचे अर्थ लावायला लागतं. काल यायला हवा होता, आला नाही, म्हणजे काहीतरी सापडलं असणार. रिसेप्शनवरची मुलगी फोनवर जरा थांबून बोलली, म्हणजे तिला माहीत आहे. मन चिंती ते वैरी न चिंती, ते हेच. मला वाटतं, या दिवसांतला निम्मा छळ या अर्थ लावण्याचाच असतो. म्हणून आधी बाटलीची गोष्ट.

शरीराबाहेर आलेल्या तुकड्यातल्या पेशींना त्यांचीच एन्झाइम्स पचवायला लागतात. ते थांबवण्यासाठी बाटलीत फॉर्मलिन असतं. ते प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं आणि पेशी जिथल्या तिथे, जशा होत्या तशा थिजतात. हे काम घाईने होत नाही. स्तनाच्या तुकड्यासाठी सर्वमान्य नियम असा, की तो फॉर्मलिनमध्ये किमान 6 तास आणि जास्तीत जास्त 72 तास असावा. कमी वेळ ठेवला तर पुढे हॉर्मोनच्या तपासण्या चुकीचं उत्तर देऊ शकतात. म्हणजे पहिल्या रात्री तुम्ही छताकडे बघत जाग्या असता, तेव्हा तुमचा तुकडा नुसता पडून असतो, आणि पडून राहणं हेच त्याचं त्या रात्रीचं काम असतं.

त्यानंतर त्यातलं पाणी काढायचं, कारण पुढे तिथे मेण भरायचं असतं आणि मेण पाण्यात मिसळत नाही. चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलच्या भांड्यांतून तुकडा फिरतो, मग झायलीन नावाच्या द्रावकात, मग वितळलेल्या मेणात. बऱ्याच ठिकाणी हे सगळं करणारं यंत्र रात्रभर चालू असतं. सकाळी तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला असतो. तो मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्यावर धरून त्याचे तीन-चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तीन-चार हजारांश, जाडीचे काप काढतात. माणसाच्या केसाची जाडी 70 मायक्रॉन धरली, तर एका केसात असे पंधरा-वीस काप मावतील. काप पात्यावरून फितीसारखा उतरतो आणि कोमट पाण्यावर सोडला, की त्याच्या सुरकुत्या उलगडतात. मग तंत्रज्ञ काचपट्टी पाण्यात तिरकी घालून तो अलगद उचलतात. इतकी यंत्रं असूनही हे काम अजून हाताच्या कौशल्यावरच चालतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग रंग. हेमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून मिळणारा रंग. तो पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतो. इओसिन हा दुसरा रंग बाकीचं सगळं गुलाबी करतो. ही निळी-गुलाबी काचपट्टी पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे पेशी बघून निदान करणाऱ्या डॉक्टरांच्या, सूक्ष्मदर्शकाखाली जाते, तेव्हा कुठे निदानाला सुरुवात होते. तोवर एक-दोन दिवस सहज गेलेले असतात आणि तुमच्या गाठीबद्दल कुणालाही, अगदी कुणालाही, काहीही नवं कळलेलं नसतं.

पॅथॉलॉजिस्ट बघतात काय? स्तनातल्या दूधनलिकांना पेशींचे दोन थर असतात. आतला अस्तराचा आणि त्याला बाहेरून वेढणारा, आकुंचन पावू शकणाऱ्या पेशींचा. आसपास पसरू लागलेल्या कॅन्सरमध्ये हा बाहेरचा थर नाहीसा झालेला असतो. कागदावर सोपं वाटतं, पण काही निरुपद्रवी बदलांत नलिका इतक्या दाटीवाटीने वाढतात, की नुसत्या निळ्या-गुलाबी रंगावर बाहेरचा थर आहे की नाही ते ठरवता येत नाही. मग त्या थरातलं विशिष्ट प्रथिन हुडकणारा खास रंग लावावा लागतो. तुम्हाला फक्त एवढंच कळतं: ‘आणखी एक टेस्ट लावलीय, दोन दिवस लागतील.’ ऐकून पोटात गोळा येतो. ती टेस्ट कदाचित ‘हा कॅन्सर नाही’ एवढं ठामपणे लिहिता यावं म्हणूनच लावलेली असते. उलट बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कॅन्सर दिसला असेल तर त्याच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोन्सना पकडणारी प्रथिनं आणि हर-2 हे वाढीचं प्रथिन किती आहे, याच्या तपासण्या कराव्याच लागतात आणि हर-2चं उत्तर अधलंमधलं आलं तर जनुकांच्या पातळीवरची आणखी एक. शिवाय अवघड काचपट्टी दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवणं ही चांगल्या प्रयोगशाळेची नेहमीची सवय. उशीर दोन्ही बाजूंनी होतो. त्यावरून काहीच ओळखता येत नाही, तसंच लवकर आलेल्या फोनवरूनही.

आता ‘4’ या आकड्याविषयी, कारण त्याने किती जणींची झोप उडवलीय याला गणती नाही. मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टखाली ‘बाय-रॅड्स 4’ असं लिहिलेलं असतं आणि वाचणारी ते कॅन्सरची चौथी स्टेज म्हणून वाचते. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाय-रॅड्स हा फक्त चित्र बघून रेडिऑलॉजिस्टने मांडलेला संशयाचा अंदाज. 4 म्हणजे ‘तुकडा तपासायला हवा’, आणि ही वर्गवारी इतकी ऐसपैस आहे, की तिच्यात कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. म्हणून तिचे अ, ब, क असे तीन भाग करतात. अ मध्ये 2 ते 10 टक्के, ब मध्ये 10 ते 50, क मध्ये 50 ते 95. तुमच्या रिपोर्टवर नुसताच 4 असेल तर यातला कोणता, हे विचारायला संकोच करू नका. 5 असेल तर मात्र शक्यता 95 टक्के किंवा त्याहून जास्त धरतात, आणि तेव्हा ‘काही नसणार गं, उगाच टेन्शन घेतेस’ म्हणणाऱ्यांचं ऐकून गाफील राहू नये.

गाठ म्हणजे कॅन्सर हे समीकरण डोक्यात पक्कं बसलंय, पण स्तनात गाठी व्हायची कारणं पुष्कळ. विशी-तिशीत हाताखाली सटकणारी फायब्रोॲडिनोमाची निरुपद्रवी गाठ, पाळीआधी फुगणाऱ्या पाण्याच्या गाठी, रुंदावलेल्या दूधनलिका, जंतुसंसर्ग. मार लागल्यावर किंवा ऑपरेशननंतर आतली चरबी मरून कडक होते, तो प्रकार तर चित्रात कधीकधी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. दिसण्यावर निदान करता येत नाही म्हणूनच तर तुकडा काढावा लागतो. आणि हे सगळं फक्त बायकांपुरतं नाही. स्तनाच्या दर शंभर कॅन्सरपैकी साधारण एक पुरुषाला होतो, आणि गाठ घेऊन वेटिंग रूममध्ये बसलेल्या पुरुषाकडे लोक जसं बघतात ते त्याला त्या गाठीहून जड जातं.

वाट बघणं इतकं का सोसत नाही, याचं एक उत्तर 2016 साली लंडनमधल्या संशोधकांनी दिलं. 45 जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. दगडाखाली साप आहे की नाही ओळखायचं, आणि साप निघाला तर हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्यावर दिसलं, की झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोक तुलनेने शांत होते. सर्वात जास्त ताण होता शक्यता निम्मी-निम्मी असताना. बायॉप्सीच्या बाबतीतही असंच निघालं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 126 स्त्रियांची लाळ बायॉप्सीनंतर पाच दिवस तपासून तिच्यातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, मोजलं. ज्यांना अजून काहीच कळलं नव्हतं त्यांच्या कॉर्टिसोलचा आलेख कॅन्सर आहे असं कळलेल्या स्त्रियांच्या आलेखासारखाच होता. तेव्हा ‘अजून तर काही झालंही नाही, आणि मी अशी काय करतेय’ असं स्वतःला बोल लावायचं कारण नाही. शरीराच्या हिशेबी झालंय.

वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या केट स्वीनी यांनी बरंच काम केलंय. वकिलीची परीक्षा देऊन निकालाची चार महिने वाट बघणाऱ्यांचा त्यांनी मागोवा घेतला. कुणी आशा धरून ठेवली, कुणी वाईटाची तयारी केली, कुणी विषयच टाळला. काळजी कमी करायला यातलं काहीच फारसं कामी आलं नाही. गंमत म्हणजे ज्यांनी तो काळ तळमळत काढला, त्यांनी निकाल लागल्यावर वाईट बातमी जास्त नेटाने पेलली आणि चांगल्या बातमीचा आनंदही जास्त घेतला. परीक्षा आणि गाठ यांत अंतर आहे, कबूल. पण ‘पॉझिटिव्ह राहा’ असा हुकूम सोडणाऱ्या नातेवाइकांना हा अभ्यास जरूर वाचून दाखवावा.

याच कामातून एक उपयोगी धागा हाती लागतो. ज्या कामात माणूस पूर्ण गुंततो, वेळेचं भान सुटतं, ते काम वाट बघणं थोडं सुसह्य करतं. टीव्हीसमोर बसून हे होत नाही, कारण डोळे टीव्हीवर आणि मन बाटलीपाशी. हात आणि डोकं दोन्ही लागतील असं काहीतरी हवं. शिवण, कोडी, रियाज, अडलेला हिशेब, काहीही.

आणि एक सवय आवरावी लागते. गाठ पुन्हापुन्हा चाचपून बघण्याची. सुई गेलेल्या जागी आत रक्त साकळतं, त्यामुळे गाठ मोठी लागते आणि वाटतं, सुई लागली आणि वाढली. बाहेरचा काळा-निळा डाग पुढे हिरवट, मग पिवळा होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन टप्प्याटप्प्याने मोडत असल्याचे ते रंग. दाबून बघितल्याने जागा दुखरी होते आणि माहिती शून्य मिळते. ताप आला, लाली पसरत चालली, पू किंवा न थांबणारं रक्त आलं, सूज वाढतच गेली, तर मात्र रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.

सुई लागली की कॅन्सर पसरतो, ही भीती जुनी आहे. सुईच्या वाटेत काही पेशी सरकू शकतात हे खरं, पण त्यामुळे आजार वाढतो किंवा आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही. आणि या दिवसांत गाठ झपाट्याने वाढेल का? एका पेशीपासून एक सेंटिमीटरची गाठ व्हायला ती सुमारे 30 वेळा दुप्पट व्हावी लागते, आणि बहुतेक स्तन कॅन्सरना एकदा दुप्पट व्हायला काही महिने लागतात. तेही आकारमानाने दुप्पट. 10 मिलिमीटरची गाठ दुप्पट झाली तरी तिचा व्यास भरतो 12.6 मिलिमीटर. आठवडाभराची वाट म्हणून परवडते, महिनोन्‌महिने केलेली टाळाटाळ परवडत नाही. दाहक प्रकारचा कॅन्सर याला अपवाद. तो दुर्मीळ, पण काही आठवड्यांत स्तन लाल, सुजलेला, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत करतो आणि त्याला जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं जातं. औषधाचा कोर्स संपूनही लाली तशीच असेल, तर तिथे थांबायचं नाही.

रिपोर्ट घ्यायला जाताना कुणाला तरी सोबत न्या, कारण पहिल्या वाक्यानंतरचं बहुतेकींना ऐकूच येत नाही. ‘बिनाइन’, म्हणजे कॅन्सर नाही, हा शब्द ऐकल्यावरही एक प्रश्न विचारा: सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं, ते सोनोग्राफीतल्या चित्राशी जुळतं का? चित्र फार संशयास्पद आणि तुकडा अगदी साधा निघाला, तर सुई नेमक्या जागी गेली नसण्याची शक्यता असते, आणि मग बायॉप्सी पुन्हा करावी लागते किंवा गाठ काढून तपासतात. ‘एटिपिया’ असं लिहिलेलं असेल तर तो कॅन्सर नव्हे. पेशी नेहमीपेक्षा वेगळ्या दिसतात, पुढचं ठरवायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. आणि मनात शंका उरलीच, तर दुसरं मत घेण्यासाठी नव्याने सुई टोचून घ्यावी लागेलच असं नाही. काप काढून उरलेला तो मेणाचा ठोकळा प्रयोगशाळा वर्षानुवर्षं जपून ठेवते. त्यावर नंबर असतो, तो दाखवून ठोकळा मागता येतो, आणि दुसरे पॅथॉलॉजिस्ट त्यातूनच आणखी एक काप काढून बघू शकतात.