ई-२०, रिमॅप आणि स्पार्कचं टायमिंग

ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आल्यापासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं ही ओरड सगळीकडे चालू आहे आणि तिच्या मागोमाग 'इसीयू रिमॅप करून घ्या, अ‍ॅव्हरेज परत मिळवा' वाले पण आलेत (इसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, रिमॅप म्हणजे त्यातले आकडे बदलणं). ओरड खोटी नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास, मग पाचवा हिस्सा इथेनॉल घातलं की लिटरमागे जवळपास ७ टक्के ऊर्जा गेली, इथेनॉल आपल्या साखर कारखान्याचं असो नाहीतर मक्याचं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मुळात ई-० साठी, म्हणजे बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी, बनलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६-७ टक्के पडेल असंच म्हटलंय. प्रश्न हा की ट्यूनिंगने ते भरून निघतं का, आणि त्यासाठी आधी स्पार्क नेमका कधी पडतो ते बघू, कारण अख्ख्या इंजिनात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच.

सिलिंडरमध्ये पेट्रोलचा 'स्फोट' होतो असं आपण म्हणतो, पण तसं होत नाही, निदान होऊ नये. प्लगपाशी ठिणगी पडते आणि तिथून ज्योत पसरत कडेपर्यंत जाते, याला अंदाजे २-३ मिलिसेकंद लागतात. ३००० आरपीएमला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, म्हणजे सगळं जळेपर्यंत तो ४०-५० अंश पुढे गेलेला असतो! म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. आधी म्हणजे किती? सायकलचं पेडल बरोब्बर वर असताना त्यावर कितीही जोर द्या, चाक फिरत नाही, थोडं पुढे गेल्यावर जोर लागू पडतो, आणि वर येत असतानाच दाबलं तर उलटा ब्रेक. पिस्टनचंही हेच, सगळ्यात जास्त दाब माथ्यानंतर साधारण १५ अंशांवर आला की काम जास्तीत जास्त मिळतं. ठिणगी उशिरा पडली तर तीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर.

आता गंमत अशी की ज्योतीचा वेग ठरलेला नसतो. आरपीएम वाढले की आत येणारी हवा जास्त घुसळली जाते, ज्योत पण जोरात पळते, म्हणून तर इंजिन ६००० ला चालू शकतं. उलट पाय हलका असला की सिलिंडरमध्ये हवा विरळ, त्यात मागच्या फेरीचा जळका गॅस मिसळलेला, ज्योत रेंगाळते, मग ठिणगी ३०-३५ अंश आधी. जुन्या पद्मिनीला हे काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि व्हॅक्यूमची डबी करायची, मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून टायमिंग सेट करायचा. आता इसीयूमध्ये आरपीएम आणि लोडप्रमाणे आकड्यांचा तक्ता असतो, त्यालाच मॅप म्हणतात.

ठिणगी आधी टाकायला एकच आडकाठी, नॉकिंग. ज्योत पोचायच्या आत कडेचं मिश्रण दाबाने आपोआप पेटतं आणि टकटक येते. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला टक्कर द्यायची ताकद, जास्त, म्हणून ते नॉकिंगला दाद देत नाही आणि रिमॅपवाला म्हणतो टायमिंग पुढे घेतो, म्हणजे ठिणगी अजून आधी टाकतो. त्याचं निम्मं बरोबर आहे. पण नॉकिंग येतं कधी? चढावर, गाडी भरलेली असताना, पाय दाबून. सपाट हायवेवर ७०-८० ने जाताना नॉकिंगचा प्रश्नच नसतो, तिथे कंपनीने टायमिंग आधीच सगळ्यात फायद्याच्या जागी ठेवलेलं असतं. त्याच्याही पुढे नेलं तर अ‍ॅव्हरेज कमीच होणार.

मग पेट्रोल कमी सोडून बघू? ऑक्सिजन सेन्सर बसलाय ना तिथे, तो एक्झॉस्ट हुंगतो आणि इसीयू मिश्रण लगेच जागेवर आणतो. त्याला फसवलं तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नायट्रोजनचे ऑक्साइड नीट साफ करत नाही आणि पीयूसी काढताना ते कळतही नाही. (पेट्रोलच्या पाइपवर लावायचे ते मॅग्नेट अजून विकले जातात, पेट्रोलला चुंबकाचं काही पडलेलं नसतं, त्यापेक्षा लिंबू-मिरची स्वस्त तरी पडते.)

खरा पेट्रोलचोर थ्रॉटल आहे, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप. हलक्या पायावर तो जवळजवळ बंद असतो, पिस्टनला अर्धवट व्हॅक्यूममधून हवा ओढावी लागते आणि त्यात फुकट ताकद जाते. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला तोच वेग ठेवला तर थ्रॉटल जास्त उघडतो, ही ओढाताण कमी होते, घर्षणही कमी. पाचव्याला ६० ने जाणारी गाडी चौथ्यात नेली की पेट्रोल जास्त लागतं ते यामुळे. फक्त घाटात हा हट्ट धरू नका, तिथे पाचव्यात रेटलं की नॉकिंग सुरू होतं, नॉक सेन्सरला ते ऐकू गेलं की इसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि वाचवायला निघालेलं पेट्रोल तिथेच जातं.