लिलावातला लष्करी ट्रक कॅम्पर करायचाय? ग्राइंडर लावण्याआधी हे कागद बघा

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात आयुध निर्माण्या असल्याने लष्करी गाड्या इथल्या लोकांच्या नेहमीच्या बघण्यातल्या. डिस्पोजलला निघालेला शक्तिमान किंवा निस्सान वन-टन दिसला की बरेच जण तिथेच थांबतात. गॅरेजला आणायचा, इंजिन उघडायचं, मागे झोपायची खोली बांधायची आणि पोराबाळांना घेऊन तोरणमाळला किंवा पाटणादेवीला मुक्कामी जायचं, असा बेत त्याच दिवशी ठरतो. बेत चांगलाच आहे. शक्तिमान हा जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून आपल्याकडे बनलेला, जबलपूरच्या कारखान्यात वाढलेला ट्रक. नव्वदीच्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं. उरलेल्या गाड्या भंगारात जाऊ नयेत असं मलाही मनापासून वाटतं.

मी अशा गाड्यांचे अर्ज भरून देतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण उशिरा येतात. खोली बांधून झालेली असते, गाद्या शिवून झालेल्या असतात, लाखो रुपये गेलेले असतात आणि गाडीला नंबर नसतो. म्हणून हे लिहितोय. सरळ आहे ते एका ओळीत सांगतो, अडतं तिथे थांबतो.

विंटेज की कॅम्पर, हे आधी ठरवा

‘गाडी पन्नास वर्षांची आहे, विंटेजमध्ये टाकू, म्हणजे कटकट नाही’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. कॅम्पर करायचा असेल तर हा सल्ला चुकीचा आहे.

विंटेज वाहनांचे नियम जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. पण गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर ती विंटेज ठरत नाही. मागचा हौदा काढून खोली बसवली की हा रस्ता तिथेच बंद होतो.

समजा तुम्ही फेरफार केला नाही आणि विंटेज नोंदणी मिळवली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. मात्र ही गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच. सारंगखेड्याच्या यात्रेत चार दिवस मुक्काम करायला ती नेता येत नाही. तीन ॲक्सलचा ट्रक असेल तर नियमातला ‘चारचाकी’ हा शब्द विसरू नका. पैसे भरण्याआधी कार्यालयात लेखी विचारा.

ज्यांना गाडी जशीच्या तशी जपायची आहे त्यांनी विंटेजकडे जावं. ज्यांना तिच्यात झोपायचं आहे त्यांनी पुढे वाचावं.

फॉर्म २१: अर्ज फेटाळण्याचं पहिलं कारण

लष्कराच्या ताब्यात असलेल्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराकडेच असते. मालकी बदलली की तिला तुमच्या-माझ्या गाडीसारखी नव्याने नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म २० भरायचा. त्यात नवीन गाडी, माजी लष्करी गाडी आणि आयात गाडी असे पर्याय आहेत. त्यातला माजी लष्करी निवडायचा. सोबत नियम ४७ प्रमाणे विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ लागतो. तो मूळ प्रतीत लागतो आणि लष्करी लिलावाच्या गाडीसाठी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेला असावा लागतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. लिलावात व्यापारी अख्खा लॉट उचलतो. त्याच्याकडून गाडी दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. शेवटी ती धुळ्याच्या हायवेवर उभी असते आणि तुम्ही स्टॅम्प पेपरवर सह्या करून घेता. फॉर्म २१ वर नाव मात्र त्या पहिल्या व्यापाऱ्याचंच असतं, आणि पुष्कळदा हातात असते ती झेरॉक्स. तुमच्या नावाने अर्ज केला की तो परत येणारच. नोटरी केलेल्या पाच करारनाम्यांनी फॉर्म २१ ची जागा भरत नाही. ज्याच्या नावाने प्रमाणपत्र आहे त्याने आधी नोंदणी करायची आणि मग तुमच्या नावावर हस्तांतर करायचं, हा सरळ रस्ता. विकणारा ‘नंतर बघू भाऊ, कागद येऊन जाईल’ म्हणाला तर पैसे देऊ नका. कागद नंतर येत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता गाडीचा फोटो बघण्याआधी मी फॉर्म २१ मागतो.

विक्रीच्या आदेशात गाडी भंगार म्हणून विकली असं लिहिलं असेल तर ती सुट्या भागांसाठीच घ्या. चेसिस कितीही दणकट असो, ती गाडी रस्त्यावर येणार नाही.

नव्या गाड्यांची सवय असलेला क्लार्क कधी फॉर्म २२ मागतो. ते कारखान्याने द्यायचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र. पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रकसाठी ते तुम्ही कुठून आणणार? अशा वेळी खिडकीवर वाद घालू नका. त्याऐवजी कोणती तपासणी किंवा कोणता कागद चालेल, हे लेखी अर्ज देऊन विचारा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी उत्तराच्या भरवशावर जळगावहून, धुळ्याहून, नंदुरबारहून माणसं चार-चार खेपा घालतात. पेट्रोल त्यांचं जळतं, खाडा त्यांचा होतो, आणि पाचव्या खेपेला खिडकीवर नवा माणूस बसलेला असतो. नियम लिहिलेला असताना अर्जदाराला हे सोसायला लावणं बरं नाही.

गाडी परराज्यात आधीच नागरी नंबरावर नोंदवलेली असेल तर फॉर्म २१ चा प्रश्न उरत नाही. मग फॉर्म २८ ची एनओसी, फॉर्म २९ आणि ३० चं हस्तांतर, आणि इथला नंबर घेण्यासाठी फॉर्म २७. इथे मुदतीची गल्लत होते. परराज्यातला नंबर बदलायला बारा महिने आहेत, म्हणून लोक नाव लावायलाही वर्षभर थांबतात. नाव लावायची मुदत खरेदीपासून ३० दिवस आहे. दोन्ही मुदती वेगळ्या आहेत.

चेसिस नंबर

फॉर्म २१ वर चेसिस नंबरच्या रकान्यात कुणीतरी लष्करी नंबर लिहून ठेवलेला असतो. तो ओळखणं सोपं आहे. त्याच्या सुरुवातीला वर टोक असलेला बाण असतो आणि पुढचे दोन अंक गाडी लष्करात आली ते साल दाखवतात. ७१ असेल तर १९७१. हा नोंदणीचा नंबर झाला, चेसिसचा नव्हे.

खरा नंबर शोधायला गाडीखाली जावं लागतं. एका शक्तिमानखाली मी स्वतः पुठ्ठा टाकून झोपलो होतो. चेसिसच्या पट्टीवर रंगाचे इतके थर होते की अंक हाताला लागतच नव्हते. रॉकेलचा बोळा फिरवायचा, तारेचा ब्रश मारायचा, पुसायचं, पुन्हा बोळा. हिरव्याखाली तपकिरी, तपकिरीखाली पुन्हा हिरवा, त्याखाली लालसर प्रायमर. तासाभराने अंक उघडे पडले. कागद लावून पेन्सिल घासली तेव्हा समजलं की फॉर्मवर ज्या जागी ३ होता तिथे गाडीवर ८ आहे. रंग भरून आठाची डावी बाजू बुजली होती आणि ज्याने प्रमाणपत्र लिहिलं त्याने दिसलं ते लिहिलं. दुरुस्ती करून मिळायला मालकाचे काही महिने गेले, कारण ती दुरुस्ती फक्त प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयालाच करता येते. खरेदीच्या दिवशीच पेन्सिल प्रिंट काढा. ग्राइंडर किंवा पंच मात्र त्या पट्टीजवळही नेऊ नका. नंबराशी छेडछाडीचा संशय आला तर प्रकरण आरटीओपुरतं राहत नाही.

इंजिन नंबरही असाच पडताळा. लष्करातही इंजिनं बदलली जातात.

हिरवा रंग

चोपडा तालुक्यातले एक निवृत्त जवान. त्यांनी गाडी अशी उभी केली होती की बघत राहावं. हौद्याच्या फळ्या नव्या, हूक मूळचे, ताडपत्रीच्या दोऱ्यासुद्धा जुन्या पद्धतीने ओवलेल्या. रंग चार दिवस स्वतः मारला, ऑलिव्ह ग्रीन. तपासणीला गाडी नेली आणि निरीक्षकाने खालीही न वाकता परत पाठवली. ते मागच्या फाळक्याला हात लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘‘गाडी ते मनी शे ना, भाऊ?’’ म्हणजे, गाडी तर माझीच आहे ना? वीस वर्षं ज्या रंगाची गाडी चालवली तोच रंग त्यांना हवा होता. मला काय बोलावं सुचेना.

पण नियम स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. निरीक्षकाचं चुकलं नव्हतं. चूक एवढीच की लष्करी गाडीसाठी अर्ज करणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. त्यांनी शेवटी मातकट रंग मारला. लिलावातून आलेली गाडी हिरवीच असते, म्हणून तपासणीआधी रंग बदला. बाणाचा नंबर आणि युनिटची चिन्हंही पुसा.

ट्रकचा कॅम्पर: परवानगी आधी, सुतार नंतर

गाडी मालवाहू म्हणून नोंदली की ती व्यावसायिक वाहनात जाते. एकूण वजन ३,००० किलोंच्या वर असल्याने परमिट लागतं, आठ वर्षांपेक्षा जुनी म्हणून दरवर्षी फिटनेस, आणि मागे माणसं बसवून नेता येत नाहीत. घरच्या वापराच्या कॅम्परसाठी वाहन पोर्टलवर ‘कॅम्पर व्हॅन, खाजगी वापर’ असा वेगळा वर्ग आहे. मालवाहूमधून त्या वर्गात जाणं हा कलम ५२ खालचा बदल ठरतो आणि त्याला नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

इथे एक जुनी समजूत फार नुकसान करते. ‘अर्ज टाकायचा, सात दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली समजायचं.’ १९८८ च्या मूळ कायद्यात अशी तरतूद होती. २००० च्या दुरुस्तीनंतर ती नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितल्यापासून कार्यालयं आणखी कडक झाली आहेत. विनापरवाना बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

दुसरी गल्लत १४ दिवसांची. कलमात १४ दिवस आहेत, पण ते काम पूर्ण झाल्याची खबर द्यायला. परवानगी घेऊन काम करायचं आणि काम झाल्यापासून १४ दिवसांत आरसी आणि फी घेऊन नोंद करून घ्यायची. ‘काम करा, १४ दिवसांत कळवा, झालं’ असा अर्थ लावून आलेल्या एका मालकाला अख्खी खोली उतरवावी लागली.

परवानगीच्या अर्जासोबत आराखडा द्या, हाताने काढलेला नको. रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. मागच्या चाकाबाहेर येणारा भाग पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आपल्याकडे शेवभाजी, भरीत गाडीतच करायचं म्हणून मागे स्वयंपाकाचा ओटा बाहेर काढतात आणि तिथेच माप चुकतं. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा कॅम्परसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. त्याबद्दल तांत्रिक मत लागलं तर खान्देशातून सोयीच्या वाहन-चाचणी संस्था म्हणजे अहिल्यानगरची व्हीआरडीई, पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी. खर्च आधी विचारून घ्या. पुष्कळांचा बेत या टप्प्यावर बदलतो. तसं झालं तर बॉडीला हात न लावता उचलता येईल अशी खाट, पाण्याची टाकी, शेगडी ठेवा आणि गाडी उभी केल्यावर वापरा. ते कमीपणाचं नाही. पर्यटकांना भाड्याने द्यायची असेल तर हा सगळा विषय वेगळा, त्यासाठी राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन धोरण बघा.

बाकीचं

पत्त्याचा पुरावा, विमा, पीयूसी नेहमीप्रमाणे. विमा चेसिस नंबर पक्का झाल्यावरच काढा. अर्ज राज्यातल्या ज्या जिल्ह्यात तुम्ही राहता किंवा गाडी ठेवता तिथे करता येतो. पर्यावरण कर आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट चुकणार नाही, ते हिशोबात धरा.

लायसन्सचं मात्र आधी बघा. हलक्या वाहनाच्या लायसन्सची मर्यादा ७,५०० किलो आहे. तीन टनी ट्रक, वर खोली, पाणी, बॅटऱ्या असं धरलं तर ती ओलांडली जाऊ शकते, आणि मग अवजड वाहनाचं लायसन्स लागेल. अंदाज बांधू नका. जवळच्या जिनिंगच्या किंवा कारखान्याच्या काट्यावर गाडी दोनदा न्या, काम सुरू करण्याआधी एकदा आणि झाल्यावर एकदा. दोन्ही पावत्यांवर गाडीचा नंबर नीट उमटलाय ना, ते काट्यावरूनच बघून निघा.