हाडात रुजलेला स्क्रू

पडलेल्या दाताच्या जागी दुसरं काहीतरी रोवायची खटपट फार जुनी आहे. होंडुरासमध्ये १९३१ साली इसवी सन ६०० च्या आसपासचा माया काळातला एक खालचा जबडा सापडला. त्यात पुढच्या तीन दातांच्या खोबणींत शिंपल्याचे घासून दाताच्या आकाराचे केलेले तुकडे होते. मेल्यावर सजवलेला जबडा असेल, असं बरीच वर्षं धरलं गेलं. १९७० मध्ये एक्स-रे तपासले तेव्हा तुकड्यांभोवती नवं हाड धरलेलं दिसलं. म्हणजे ते जिवंत माणसाच्याच तोंडात बसवले होते.

पुढे धातू आले. १८०९ मध्ये मॅज्योलोने सोन्याचं मूळ बसवून पाहिलं. १९१३ मध्ये अमेरिकेत ग्रीनफिल्डने इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेची पोकळ जाळी केली आणि गोल करवतीने हाडात तिच्याच मापाची चर पाडली. कल्पना हुशारीची होती. १९३० च्या दशकाअखेरीस स्ट्रॉक बंधूंनी व्हायटॅलियम या कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा स्क्रू वापरला, १९६० च्या दशकात लिंकोचं पात्यासारखं इम्प्लांट (हाडात बसवायचं कृत्रिम मूळ) आलं. काही टिकली, बरीच हलायला लागली.

हलायचं कारण बहुतेक वेळा एकच. हाड आणि धातू यांच्यामध्ये मऊ, तंतुमय पडदा तयार व्हायचा. खऱ्या दाताच्या मुळाभोवती धक्का सोसणारे तंतू असतात, तसंच हे असेल म्हणून त्या पडद्याला चांगलं लक्षणही मानलं जाई. पण हे तंतू धातूला धरून ठेवत नाहीत. भार आला की पडदा जाड होतो आणि जंतू त्याच वाटेने आत उतरतात.

हाडाची बाजू कळली ती दातांच्या नव्हे, रक्ताभिसरणाच्या अभ्यासातून. १९५० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आतलं रक्त सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड धातूला थेट चिकटलं होतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला यॉस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसले. २००६ मध्ये तो वारला तेव्हाही ते जागच्या जागी होते.

ब्रोनेमार्कच्या पद्धतीत धातूइतकंच महत्त्व होतं सबुरीला. हाड तापलं की मरतं: सशांवरच्या प्रयोगांत ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिटभर राहिलं तरी इजा दिसली. म्हणून धारदार ड्रिल, मिनिटाला २००० च्या आत फेरे आणि सतत सलाइनची धार. भोक एका दमात पाडायचं नाही. २ मिमी, मग ३ मिमी असं वाढवत नेऊन त्यात ३.७५ मिमीचा स्क्रू. आटे पाडताना तर मिनिटाला जेमतेम १५ ते २० फेरे. मग हिरडी वरून शिवून टाकायची आणि खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्या भुसभुशीत हाडात सहा महिने स्क्रूवर चावण्याचा भार येऊ द्यायचा नाही. या काळात स्क्रू साधारण १५० मायक्रॉनपेक्षा (०.१५ मिमी) जास्त हलला, की हाडाऐवजी पुन्हा तोच पडदा. नंतर हिरडी उघडून वर अबटमेंट, म्हणजे स्क्रू आणि दात जोडणारा खुंट, आणि त्यावर दात.

दहा वर्षांचे निकाल १९७७ मध्ये छापले गेले. तरी दंतवैद्यांचा संशय फिटला तो १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतर. दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोडरही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचले होते, आणि तेही हिरडी न शिवता. पुढे वाळूचा मारा आणि आम्ल यांनी खरखरीत केलेल्या पृष्ठभागामुळे थांबणं सहा-आठ आठवड्यांवर आलं. ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या (पिळण्याच्या जोराचं माप) आसपास घट्ट बसलेल्या स्क्रूवर निवडक रुग्णांत लगेच तात्पुरता दातही देतात, मात्र तो चावताना समोरच्या दाताला लागू द्यायचा नाही.

रुजलेल्या स्क्रूवर धातूच्या दांडीने टिचकी मारली की टण्ण वाजतं. पडदा धरला असेल तर बद्द. आज पहिल्या काही महिन्यांतलं अपयश कमी झालंय, नंतरचं उरलंय. कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेलं सिमेंट, तंबाखू-मिश्री, आटोक्यात नसलेली साखर, यांनी भोवतालचं हाड बशीसारखं खचत जातं. आणि दुखत नसल्यामुळे ते बहुधा एक्स-रेतच पहिल्यांदा दिसतं.